दात हलतात ते कॅल्शियम कमी झालं म्हणून नव्हे

पत्र

माझं वय ५४. गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या गावात राहते. आठ वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिनची गोळी दोन वेळा चालू आहे. मागच्या वेळी तीन महिन्यांची शुगर ९.२ आली. दोन वर्षांपासून बीपीची गोळीही आहे. वर्षभर हिरड्यांतून रक्त येतंय आणि आता खालचे पुढचे दोन दात जिभेने ढकलले तरी हलतात. हिरड्या फुगल्यासारख्या वाटतात. जिभेची आग होते, सोलकढीसुद्धा झोंबते. रात्री तोंड इतकं सुकतं की पाणी प्यायला उठावं लागतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या कॅल्शियम कमी झालं असेल, म्हणून दोन महिने मनानेच गोळ्या घेतल्या, फरक नाही. व्हिटॅमिन सीच्या आंबट गोळ्याही चघळते. दात साफ करून घेतले की आणखी ढिले होतात असं सगळे सांगतात, म्हणून डॉक्टरकडे गेले नाही. चार वर्षांपूर्वी माळ घातली तेव्हापासून वशाट, म्हणजे मासे-मटण, बंद आहे. मशेरी सकाळ-संध्याकाळ लावते, खोटं कशाला बोलू. मी नेमकं काय करू? आणि सासूबाईंना वरची कवळी आहे, त्यांची टाळू लाल होऊन चुरचुरते. त्यांना काय सांगू?

उत्तर

ताई,

आधी कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल, कारण त्यांच्या भरवशावर दोन महिने गेलेत. दात हलतो तेव्हा दातातलं कॅल्शियम कमी झालेलं नसतं. मोठ्या माणसाच्या दातातून शरीर कॅल्शियम परत काढून घेत नाही. गरज पडली तर ते हाडांतून घेतं. शिवाय दात जबड्यात खुंटीसारखा ठोकलेलाही नसतो. मुळाभोवती बारीक तंतूंचा पट्टा असतो आणि तो मुळाला हाडाशी बांधून ठेवतो. धक्क्याला दोराने होडी बांधतात तसं समजा. तुमची होडी शाबूत आहे, दोर आणि धक्का कुजतोय.

कुजवतो तो हिरडीच्या कडेला साचणारा मऊ, पांढुरका थर. नखाने खरवडला तर निघतो. दोन-तीन दिवस तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात बसतात आणि त्याचं कीटण व्हायला लागतं. ते मग ब्रशने हलत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटण सगळ्यात आधी धरतं, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. तुमचे नेमके तेच दोन दात हलताहेत. कीटण हिरडीखाली उतरलं की हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. निरोगी हिरडीची खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असते. ४ च्या पुढे गेली की ब्रश तळापर्यंत पोचत नाही. आत जंतू वाढतात, शरीर त्यांच्याशी झुंजत राहतं आणि त्या धुमसण्यात आजूबाजूचं हाड विरघळत जातं. यात दुखत जवळजवळ नाहीच, म्हणून माणूस वर्ष-वर्ष काढतो.

शुगर नसलेल्यांनाही हे होतं, पण तीन महिन्यांची सरासरी ९.२ असली की वेग वाढतो. रक्तात साखर जास्त असली की जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. हिरडीतले तंतू ताठर होतात आणि तुटलेले लवकर भरून येत नाहीत. आणि हे एकतर्फी नाही. हिरडीतला दाह रक्तात उतरतो आणि त्यामुळे इन्सुलिनचा परिणाम आणखी कमी होतो, म्हणजे गोळी तीच आणि साखर चढती. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे हीच तीन महिन्यांची शुगर, साधारण ०.३ ते ०.४ ने उतरते, असं अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलेलं आहे. ९.२ ची ८.८ होणं किरकोळ वाटेल, पण गोळी न वाढवता तेवढं पदरात पडतंय.

आता सफाईची भीती. ही समजूत इतकी पक्की आहे की हिच्यापायी वाचण्यासारखे दात जातात. होतं असं की हाड झिजलेल्या दातांना कीटण सिमेंटसारखं एकमेकांशी चिकटवून धरतं. ते काढलं की दातांमधल्या फटी उघड्या पडतात, सुजलेली हिरडी आक्रसते, दात लांब दिसतात आणि काही दिवस गार-गरम झोंबतं. जे आधीच ढिलं होतं ते आता जाणवतं, एवढंच. सूज उतरल्यावर बरेच दात पहिल्यापेक्षा घट्ट बसतात. मात्र गेलेलं हाड सहसा परत येत नाही. उरलेलं वाचवायचं, हा हिशोब.

चिपळूणला किंवा जिथे सोयीचं असेल तिथे दंतवैद्याकडे जा. जिल्हा रुग्णालयातही दंतविभाग असतो. सकाळची वेळ घ्या, नाश्ता करून आणि शुगरची गोळी घेऊन जा. उपाशी पोटी खुर्चीत बसलात तर साखर खाली येऊन चक्कर येऊ शकते. पिशवीत शुगरची फाइल, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि काही खायला असू द्या. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर सांगा, पण मनाने बंद करू नका. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षाकाठी एखादं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, कारण त्यानंतर दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो.

डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बोथट सळईने प्रत्येक दाताभोवती खिसे मोजतील. मोजले नाहीत तर तुम्हीच विचारा, ‘किती मिलिमीटर आहेत?’ हाड किती उरलंय ते एक्स-रेत दिसेल. मग वरची सफाई आणि खोल खिशांत भूल देऊन मुळांची सफाई, दोन ते चार बैठकांत. ९.२ शुगरवर ही सफाई सहसा करता येते. दात काढायची वेळ आली आणि घाई नसली तर आधी साखर उतरवून घेतील. हलणारे दोन दात शेजारच्या दातांना आतून बारीक तारेने किंवा पट्टीने बांधूनही ठेवता येतात. सहा ते आठ आठवड्यांनी खिसे पुन्हा मोजायचे, आणि पुढे सहा महिन्यांनी नव्हे, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. तेव्हाच एचबीएवनसी करा, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघता येतील. दाताच्या डॉक्टरने शुगरचा रिपोर्ट बघावा आणि शुगरच्या डॉक्टरने तोंड उघडायला लावावं, हे आपोआप होत नाही. कागद इकडून तिकडे तुम्हालाच न्यावे लागतील.

‘हिरड्या फुगल्यासारख्या’ असं लिहिलंत, त्यासाठी बीपीच्या गोळीचं पाकीट बघा. त्यावर अॅम्लोडिपीन किंवा निफेडिपीन लिहिलेलं असेल तर काही जणांत या औषधांनी हिरडी वाढते. आरशात दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण बघा. तो टोकदार न राहता मण्यासारखा गोल, टणक आणि दातावर चढलेला दिसला तर संशय घ्यायला जागा आहे. गोळी स्वतःहून थांबवू नका, बीपी चढलं तर हिरडीपेक्षा मोठं संकट. डॉक्टरना दाखवा, दुसऱ्या गटातली गोळी देता येते. मात्र थर साचलेल्या तोंडात ही वाढ जास्त होते, त्यामुळे सफाई टळत नाही.

जिभेच्या आगीमागे मला आधी बी-१२ ची शंका येते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. त्यात चार वर्षं मासे बंद. आपल्याकडच्या तिसऱ्या, बांगडे, तारली ही बी-१२ ची भरलेली कोठारं होती, आणि तीच बंद झाली. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून नुसत्या श्रावणाने काही बिघडत नाही, पण माळ घातलेल्या माणसाचा साठा सावकाश आटतो. अॅसिडिटीची गोळी रोजची असेल तर आणखी भर. आरशात जीभ बाहेर काढा. वरचे बारीक खवले जाऊन ती गुळगुळीत, लालबुंद झाली असेल, ओठांचे कोपरे चिरत असतील, पायांना मुंग्या येत असतील तर बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. तपासणीसाठी रक्त दिल्यावरच गोळ्या सुरू करा, आधी नको, नाहीतर आकडा फसवा येतो. नुसतं फॉलिक अॅसिडही घेऊ नका. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

माळ काढायला मी सांगणार नाही. दूध-दही बी-१२ देतं, पण एक कप दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम, आणि रोजची गरज दोन-अडीच. मेटफॉर्मिन घेणाऱ्याची कमतरता तेवढ्याने भरून निघत नाही, डॉक्टर गोळी किंवा इंजेक्शन देतील.

आगीचं दुसरं कारण बुरशी. शुगरवाल्या, कोरड्या तोंडात ती सहज धरते. जिभेवर, गालात दह्यासारखे पांढरे ठिपके, ओल्या कापसाने पुसले की निघतात आणि खाली लाल. यावर बुरशीचं औषध लागतं, हळद-मधाने जात नाही. न पुसता येणारा पांढरा किंवा लाल चट्टा, विशेषतः मशेरी जिथे दाबता तिथे, वेगळी गोष्ट आहे. तो त्याच आठवड्यात दाखवायचा.

रात्रीचं तोंड सुकणं शुगर चढल्याचं लक्षण असू शकतं. लघवीवाटे पाणी जातं आणि लाळ आटते. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, सर्दी-अॅलर्जीच्या आणि झोपेच्या काही गोळ्या लाळ कमी करतात, त्यात कोकणातला घाम. सुकी भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येत नसेल तर लाळ कमी आहे असं धरा. लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. ती तोंडातलं आम्ल मारते आणि दातावरून निघालेले क्षार परत बसवते. आम्लता पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो आकडा ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं. गोड खाल्ल्यावर तो खाली जातो आणि लाळ पुरेशी असली तर अर्ध्या-पाऊण तासात सावरतो. कोरड्या तोंडात किती वेळ लागेल, सांगता येत नाही.

म्हणून किती गोड खाता यापेक्षा किती वेळा तोंडात जातं, हे आधी मोजा. सकाळचा चहा-बटर, दहाचा चहा, कोणी आलं म्हणून अर्धा कप, चारला चहा-खारी. असं दिवसात सहा वेळा झालं तर तीन-चार तास दात आम्लात. चहा दोनच ठेवा, बिनसाखरेचा. मधल्या वेळी घोट-घोट साधं पाणी. तोंड ओलं ठेवायला लिंबाची किंवा आवळा सुपारीची गोळी चघळणं उलटं पडतं. आणि त्या व्हिटॅमिन सीच्या आंबट गोळ्या आजपासून बंद करा. आधीच झोंबणाऱ्या जिभेवर आणि उघड्या मुळांवर तुम्ही आम्ल चोळताय. ‘सी’च्या अभावाने हिरड्या सुजून रक्त येतं हे खरं, पण त्यासाठी फळ-भाजी महिनोन्‌महिने पोटात न जावी लागते. बाईमाणसाला रोज ६५ मिलिग्रॅम पुरतं. १०० ग्रॅम पेरूत २०० च्या वर असतं, म्हणजे अर्धा पेरू फार झाला. मार्च-एप्रिलात काजूची बोंडं आहेतच.

कोकम सोडू नका, पण रीत बदला. साखर घातलेलं सरबत पूर्ण बंद. आगळाचं पाणी किंवा सोलकढी जेवणाबरोबर एकदाच, हातात पेला घेऊन तासभर चाखत बसायचं नाही. आगळात मीठ मुरलेलं असतं, बीपी आहे, तेव्हा वरून मीठ टाकू नका. जिभेची आग थांबेपर्यंत मात्र आगळ-सोलकढीही नको. आंबट प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा, तोवर कवच मऊ झालेलं असतं, घासलं तर झिजतं. मे महिन्यात शुगरच्या डॉक्टरने मान्य केलेली हापूसची फोड जेवणानंतर खाल्लेली चालेल, पण आंबापोळी आणि फणसपोळी नको. फोड गिळली जाते, पोळी दाढेच्या खाचेत अडकून संध्याकाळपर्यंत विरघळत राहते. गुळाच्या पाकातल्या मालवणी खाज्याचंही तेच.

नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा एक भाकरी तांदळाऐवजी नाचणीची करा. हाडांना बरं, पण दात त्याने घट्ट होणार नाहीत, आणि साखर तीही वाढवते, म्हणून मोजून. मासे नाहीत तर प्रथिनं कुळथाच्या पिठीतून, मुगातून, दह्यातून यायला हवीत. सफाईनंतरची हिरडी भरायला ती लागतात. पेज-लोणच्यावर दिवस काढू नका. एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा: साखर उतरून घाम, थरथर सुटली तर दातांचा विचार न करता तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची. चूळ नंतर.

मशेरी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेला तंबाखू म्हणजे तंबाखूच, भाजल्याने विष जात नाही. खरखरीत पूड हिरडी घासून खाली ढकलते, मुळं उघडी पडतात आणि जिथे दाबता तिथेच पुढे चट्टे आणि कर्करोग. त्याऐवजी ‘नुसती सुपारी’ धरू नका. श्रीवर्धनची रोठा असो की पाकिटातली, सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगाला कारण ठरते आणि तोंड उघडणं कमी करते. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही ही अडचण खरी आहे, निकोटीन आतड्याला चालना देतं. पंधरा-वीस दिवस रात्री इसबगोल आणि उठल्यावर दोन पेले कोमट पाणी घेऊन बघा. आधी संध्याकाळची बंद करा, आठवड्याने सकाळची, आणि डबी घरात ठेवू नका. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११२-३५६. निकोटीनचं च्युइंगगम मात्र हलत्या दातांनी चघळायला जाऊ नका.

ब्रश मऊ, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. केस हिरडीच्या कडेला तिरपे टेकवून जागच्या जागी हलवायचे, आडवं खसाखसा घासायचं नाही. शेवटी थुंका, पण लगेच चुळा भरू नका, फ्लोराइड थोडं राहू दे. रक्त येतं म्हणून तो भाग टाळला तर रक्त वाढत जातं, तिथेच हलक्या हाताने जास्त वेळ द्यायचा. फटींसाठी बारीक बाटलीब्रशसारखा ब्रश औषधांच्या दुकानात मिळतो. डॉक्टर योग्य माप सांगतील. क्लोरहेक्सिडीनचं औषध चूळ भरायला दिलं तर पेस्टनंतर अर्धा तास सोडून वापरा आणि सांगितल्यापेक्षा जास्त दिवस नको, दात तपकिरी पडतात. तोवर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. थुंकायचंच आहे, बीपीला त्रास नाही.

हलणारा दात दोऱ्याने ओढू नका. जबड्याखाली सूज, ताप, गिळायला त्रास किंवा तोंड उघडेनासं झालं तर रात्र असो की पाऊस, त्याच वेळी रुग्णालयात जायचं. शुगरमध्ये असा संसर्ग गळ्याकडे झपाट्याने उतरतो. पावसाळ्यात ताप असताना हिरडीतून एकदम रक्त यायला लागलं तर ते कीटणाचं नाही, डेंग्यूची शंका घेऊन प्लेटलेट तपासा, अॅस्पिरिन-आयब्युप्रोफेन घेऊ नका. आणि तोंडातली कुठलीही जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर तुकडा काढून तपासायला लागतो, दुखत नसली तरी.

सासूबाईंची टाळू कवळीच्या आकाराएवढीच लाल असणार. रात्रंदिवस कवळी घालून ठेवली की तिच्याखाली बुरशी धरते. रात्री काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवायची, त्याआधी मऊ ब्रश आणि भांड्याच्या साबणाने आतूनही घासायची, पेस्टने नाही, तिने ओरखडे पडतात आणि बुरशी त्यातच बसते. घासताना खाली पाण्याचं भांडं ठेवा, मोरीत पडली की दोन तुकडे. टाळू आणि जीभ ओल्या फडक्याने पुसायची. दोन आठवड्यांत लाली गेली नाही तर कवळी घेऊन तुमच्याबरोबरच त्यांनाही न्या, सैल झाली असेल तर आतून नवा थर देता येतो. आणि त्यांची शुगर कधी तपासली होती, तेही बघा.